कोमेजणे, सुकणे, वाळणे, गळणे : हायकूतल्या उतरलेल्या फुलाला नेमकं काय म्हणायचं?

जपानी हायकूंचे मराठी अनुवाद वाचताना एक गोष्ट मला सारखी खटकते, फूल चेरीचं असो, शेवंतीचं असो नाहीतर कमळाचं, मराठीत येताना ते बहुतेक वेळा ‘कोमेजतं’ आणि कोमेजलं की लगेच ओळ उदास होते. मूळ जपानीत तसं नाहीये. तिकडे फुलागणिक क्रियापद वेगळं आहे. साकुरा (चेरी) ‘चिरु’, म्हणजे विखुरते. उमेचा (जपानी प्लमचा) बहर ‘कोबोरेरु’, म्हणजे सांडतो. त्सुबाकी म्हणजे कॅमेलिया, ती ‘ओचिरु’, सरळ पडते, आणि पडते ती अख्खीच्या अख्खी कारण तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर बुडाशी जोडलेले असतात. बोतान म्हणजे पिओनी ‘कुझुरेरु’, ढासळते. आसागाओ म्हणजे आपल्या गारवेलीच्या जातीतलं पहाटे उमलणारं फूल, ते ‘शिबोमु’, दुपारपर्यंत आक्रसून मिटून जातं.

हे वाचलं की कळतं की कवी आधी नीट बघतोय, दुःख वगैरे नंतर, वाटलं तर वाचणाऱ्यानं आपलं आपण करावं. म्हणून मला वाटतं फुलाचं सौंदर्य त्या क्रियापदातच आहे आणि अनुवादात तेच हरवलं तर उरतं काय.

बरं मराठीत शब्द नाहीत असंही नाही. कोमेजलेलं फूल पाण्यात ठेवलं तर कधीकधी परत मान वर करतं, सुकलेलं करत नाही. सुकलेलं अजून मऊ असू शकतं, वाळलेलं हाताला करकरीत लागतं. मलूल हा शब्द मी तरी फुलापेक्षा आजारी पोराच्या चेहऱ्यासाठीच जास्त ऐकलाय. म्लान फक्त पुस्तकात. गळणं एकेक पाकळीचं, झडणं सगळ्या बहराचं. शिवाय मान टाकणं आहे, विटणं आहे, अनंताच्या फुलासारखं पिवळं पडणं आहे. एवढं सगळं असताना आपण एकाच शब्दावर का अडतो?

हे सगळं विचारायचं कारण एक हायकू. मात्सुमोतो ताकाशी (१९०६–१९५६) हा नोह या पारंपरिक जपानी नाटकाच्या घराण्यातला, तब्येतीमुळे रंगमंच सोडावा लागला आणि ताकाहामा क्योशी या हायकू कवीचा शिष्य झाला. त्याचा ‘करेगिकु’वर म्हणजे वाळून गेलेल्या शेवंतीवर हायकू आहे. शेवंतीच्या पाकळ्या चेरीसारख्या उडून जात नाहीत, फूल देठावरच तपकिरी होत उभं राहतं, म्हणून हायकूच्या ऋतुकोशात (कुठला शब्द कुठल्या ऋतूचा ते सांगणाऱ्या कोशात) करेगिकु हा हिवाळ्याचा वेगळा शब्द आहे. नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी शेवंतीचा सण होतो, त्यानंतरही फुलत राहिलेली ती ‘झांगिकु’, ती शरदातली. आता ताकाशी काय म्हणतो तर ‘करेगिकु’ असं म्हणून टाकून द्यावं म्हटलं तर तिच्यात ‘जो’ आहे. हा जो म्हणजे भाव, माया, जीव लावण्यासारखं काहीतरी. हायकूच मुळी शब्दाबद्दल आहे, एक शब्द चिकटवला की फूल संपलं का, असं विचारणारा. मी केलेला खर्डा असा :

‘वाळली शेवंती’
म्हणून मोकळं होता येत नाही,
ओलावा आहे तिच्यात

‘म्हणून मोकळं होणं’ मला मुळाच्या फार जवळचं वाटतं. शंका आहे ती ओलाव्याची. आणि पहिल्या ओळीत वाळली, सुकली की कोमेजली? मत सांगा.

प्रतिसाद :

वाळलीच. ताई, तुम्ही पाण्याचा जो फरक सांगितलात त्यातच उत्तर आहे, करेगिकु परत मान वर करणारी नाही. आमच्याकडे आजी निर्माल्यातली फुलं वाळवून ठेवायची त्यामुळे मनात ‘निर्माल्य’ पण आलं, शब्द किती सुंदर आहे, पूजा झालेलं फूल, केरात न टाकायचं, पायदळी येऊ न द्यायचं. हे टाकून न देणं त्या हायकूत आहेच की.

प्रतिसाद :

निर्माल्य नको. निर्माल्य व्हायला फूल आधी खुडून वाहिलेलं पाहिजे, ही शेवंती झाडावर आहे आणि देवाचा काही संबंध नाही. निर्माल्य म्हटलं की तिला आदर मिळतो तो देवामुळे, ताकाशी तिला तिच्यासाठी म्हणून बघतोय.

दुसरं असं की क्रियापदांची ती यादी नियम म्हणून धरू नका. जपानी कवी बुसोनचा (१७१६–१७८४) पिओनीचा हायकू घ्या, ‘बोतान चिरिते उचिकासानारिनु निसानपेन’. यादीप्रमाणे पिओनी ढासळायला हवी, बुसोननं चेरीचंच चिरु वापरलंय. पुढे मात्र म्हणतो की दोन तीन पाकळ्या एकमेकींवर पडून राहिल्या. ढासळणं शब्दात नाही पण ते तुम्हाला दिसतं, जाड पाकळीवर जाड पाकळी. म्हणजे सगळा भार क्रियापदावर टाकला तरच हायकू उतरतो असं नाही, नुसत्या ‘गळली’नंही काम भागेल, खालची रास नीट आली पाहिजे.

प्रतिसाद :

दादांचं बुसोनबद्दल पटलं पण ताईंचाही मुद्दा सोडवत नाही. हेकिगोतो या जपानी कवीचा १८९६चा प्रसिद्ध हायकू आहे, लाल कॅमेलिया पांढरी कॅमेलिया अशा पडल्या, बास एवढंच. मासाओका शिकी या हायकू कवीनं चित्रासारखा स्पष्ट म्हणून त्याचं कौतुक केलं होतं. तिथे ‘कोमेजल्या’ घालून बघा, हायकू मरतो. कारण ती कोमेजायच्या आत ताजी टवटवीत पडते. वाद तिथे वेगळाच आहे, फुलं पडताना दिसतायत की जमिनीवर पडलेली. मराठीत ‘पडल्या’ म्हटलं की दोन्ही अर्थ राहतात, ‘पडल्या आहेत’ केलं तर एक दार बंद. ज्यांना कॅमेलिया डोळ्यासमोर येत नाही त्यांनी फाल्गुनात सावरीखाली उभं राहावं, तसंच अख्खं लाल जड फूल, थपकन.

कोबोरेरुला सांडणे हा शब्द तर देणगीच आहे. बकुळ सांडते, प्राजक्त सांडतो, कोणीही बोलताना म्हणेल. आणि बकुळीचं म्हणाल तर वाळल्यावरही वास राहतो तिला, तिला कोमेजली म्हणवतच नाही.

प्रतिसाद :

अजून एक. आपल्याकडे नादवाचक शब्द इतके आहेत, ते का नाही वापरत अनुवादात? हायकू कवी बाशोनं १६८८ मध्ये योशिनोच्या वाटेवर यामाबुकीच्या पिवळ्या फुलांवर लिहिलंय, सुरुवातच ‘होरोहोरो तो’ अशी, फुलं होरोहोरो गळतायत का आणि पलीकडे पाण्याचा घोष. होरोहोरोला ‘भुरभुर’ मस्त बसतं. ‘हळुवारपणे’ लिहिलं की संपलं सगळं. शिरीष पैंनी मराठीत हायकू रुजवला तेव्हापासून दोन ओळींचं यमक जुळवायची सवय आपल्याला लागलीय, त्यांच्या हातात ते शोभायचं, पण अनुवादात यमकासाठी शेवटी क्रियापद ओढून आणतात आणि मग नेमका शब्द मागे पडतो.

ओलाव्याबद्दल : मला जरा जास्त वाटतंय. वाळली आणि ओलावा असा विरोध मुळात नाहीये ना? तो मराठीनं दिलेला श्लेष आहे.

मूळ प्रश्नकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस याच विचारात आहे. वाळली पक्कं. निर्माल्य मलाही आवडतं पण दादा म्हणतात ते बरोबर, तिथे फुलाला देवाचा आधार मिळतो.

ओलाव्याचा आक्षेप मान्य, ‘जो’मध्ये पाण्याचा मागमूस नाही. ‘जीव आहे तिच्यात’ केलं तर शेवंती अजून जिवंत आहे असा अर्थ निघतो, ते तर चूकच. म्हणून सध्या ‘माया आहे तिच्यात’ वर आलेय. माया कोणाची कोणावर हे उघडं राहतं, आणि माझ्या समजुतीनं मुळातही ते उघडंच आहे.

आता दुसरा अडकलेला शब्द. चेरीचा बहर पाण्यावर वाहत जातो त्याला ‘हानाइकादा’, फुलांचा तराफा, ते सोपं गेलं. पण जमिनीवर पडून मळलेल्या, तुडवलेल्या पाकळ्यांना ‘हानाकुझु’ म्हणतात, आणि हाही ऋतुशब्द म्हणून कोशात मानानं बसलेला आहे. सडा म्हणावं तर तो ताजा, सकाळचा. केर म्हणावं तर झाडू आठवतो. पाचोळा पानांचा असतो. ‘फुलपाचोळा’ चालेल का? मला कानाला बरा वाटतोय, फक्त पाचोळा कोरडा असतो आणि हानाकुझु बरेचदा पावसानं भिजलेला, जमिनीला चिकटलेला, तेवढं एक अडतंय.