मदत हवी आहे: केंद्रकातले प्रोटॉन एकमेकांना ढकलून फुटून का जात नाहीत?

नमस्कार मंडळी, मुलगी आठवीत आहे, स्टेट बोर्ड, मराठी मिडीयम. सध्या अणूचे अंतरंग हा धडा चालू आहे आणि रदरफोर्डचा सोन्याच्या पत्र्याचा प्रयोग तिला जाम आवडलाय, बहुतेक अल्फा कण आरपार गेले, हजारोंतला एखादाच मागे फिरला, त्यावरून १९११ साली त्याने मधे इवलंसं धनप्रभारित केंद्रक असणार हे ओळखलं. इथपर्यंत सगळं छान. पण आता ती विचारतेय की सजातीय प्रभार एकमेकांना दूर ढकलतात असं शिकवलंय ना, मग सोन्याच्या केंद्रकात तब्बल ७९ प्रोटॉन एवढ्याशा जागेत गप बसतात कसे? वर्गात विचारलं तर सिलॅबसमध्ये नाही असं सांगितलं. मला वाटलं गुरुत्वाकर्षण असेल, पण शोधलं तर दोन प्रोटॉनमधलं गुरुत्वाकर्षण त्या ढकलण्यापुढे काहीच नाही, १ वर ३६ शून्यं एवढ्या पटीने कमी!

आणि दुसरं, तिने वहीच्या मागच्या पानावर प्रोटॉन-न्यूट्रॉनची यादी केलीय: कार्बन ६-६, ऑक्सिजन ८-८, कॅल्शियम २०-२०, लोखंड २६-३०, सोनं ७९-११८. पुढे पुढे न्यूट्रॉन जास्त का होत जातात हे तिचं तिनेच विचारलं, मला खूप कौतुक वाटलं आणि म्हणूनच तिला नीट उत्तर मिळावं असं वाटतं. व्हिडिओ सगळे इंग्रजीत आहेत. तेरा वर्षांच्या मुलीला कळेल असं मराठीत कोणी सांगेल का प्लीज?

प्रतिसाद १:
ताई, लेकीने दोन प्रश्न विचारलेत पण उत्तर एकच आहे. केंद्रकात विद्युत बलाशिवाय आणखी एक आकर्षणाचं बल असतं, त्याला प्रबळ बल म्हणतात, आणि ते शेजारी शेजारी असलेल्या कणांत विजेच्या ढकलण्यापेक्षा साधारण शंभर पट जोरदार असतं. प्रोटॉन असो की न्यूट्रॉन, ते दोघांनाही ओढतं. फक्त त्याची पोच फारच कमी, दोन-तीन फेमटोमीटरच्या पुढे ते जवळपास संपतं (फेमटोमीटर म्हणजे मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक). सोन्याचं केंद्रक साधारण १४ फेमटोमीटर रुंद आहे. म्हणजे या टोकाचा प्रोटॉन त्या टोकाच्या प्रोटॉनला ओढू शकत नाही, पण ढकलतो मात्र नक्की, कारण विजेचं बल लांबवर पोचतं. प्रोटॉन वाढतील तसं हे ढकलणं वाढत जातं, तिथे न्यूट्रॉन कामाला येतात, ते ओढतात पण ढकलत नाहीत. म्हणून यादीत ते वाढत जातात. शिशापर्यंत (८२ प्रोटॉन) हे जमतं, त्यापुढे कितीही न्यूट्रॉन घातले तरी कायमचं टिकणारं केंद्रक नाही. युरेनियममध्ये ९२ ला १४६ आहेत तरी त्यातून अल्फा कण बाहेर पडतातच, तेच रदरफोर्डने वापरले तसले कण. तिला ही शेवटची कडी जरूर सांगा.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दादा! वाचून दाखवलं तर लगेच पुढचा प्रश्न, न्यूट्रॉन ढकलत नाहीत तर नुसत्या न्यूट्रॉनचंच केंद्रक का नाही बनत?

प्रतिसाद २:
भारी प्रश्न आहे. नुसते दोन न्यूट्रॉन एकत्र आले तर आकर्षण असतं पण टिकण्याइतकं नाही, थोडक्यात हुकतं. नुसत्या दोन प्रोटॉनचंही तेच. शिवाय एकटा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांत प्रोटॉन होऊन जातो, एक इलेक्ट्रॉन बाहेर टाकून. एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी मात्र टिकते, त्यांच्यात ओढ जरा जास्त असते. ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजनचं केंद्रक, तेच. यादीत सगळ्यात वर १-१ लिहायला सांगा.