शिकाऊ परवान्याची मुदत संपण्याआधी चाचणीची तारीख मिळत नाही (नागपूर): मदत हवी आहे

मानेवाडा_२२
सर्वांना नमस्कार. माझ्या शिकाऊ परवान्याची मुदत संपत आली आहे आणि परवान्यांच्या 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर पक्क्या परवान्याच्या चाचणीसाठी त्या मुदतीच्या आतली एकही तारीख शिल्लक नाही. नेमणूकपत्रात रुजू होताना मूळ परवाना दाखवण्याची अट आहे आणि कंपनी थांबायला तयार नाही. परिवहन कार्यालयाच्या (आरटीओ) खिडकीवर विचारले असता "ऑनलाइनच बघा" एवढेच उत्तर मिळाले. तारीख अलीकडे आणण्याचा काही अधिकृत मार्ग आहे का? कृपया लवकर सांगावे.

वर्धा_रोड
ताई, अर्ज कोणत्या कार्यालयाकडे आहे: एमएच ३१, ४९ की ग्रामीणचे ४०? दुचाकीसाठी की चारचाकीसाठी? शिकाऊ परवाना नेमका कधी संपतो? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

जुनी_शुक्रवारी
चाचणीची काळजी करू नका. आठचा आकडा काढताना नजर चाकाकडे नको, वळणाच्या पुढे ठेवा, आणि गाडी पहिल्या गिअरमध्येच राहू द्या. पाय टेकला की नापास करतात. हेल्मेट विसरू नका.

दुचाकीवाला_नागपूर
सरळ एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घाला. त्यांच्याकडून गेले की चाचणीच द्यावी लागत नाही. माझ्या भाच्याचे काम असेच झाले.

धरमपेठ_वाचक
ही माहिती अर्धवट आहे आणि त्यामुळे मुलांचे पैसे बुडतात. चाचणीतून सूट मिळते ती फक्त मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राच्या नमुना ५ ब प्रमाणपत्रावर. अशा केंद्रांचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले आणि त्यांत हलक्या मोटार वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम ठरवून दिला आहे. गल्लीतल्या शाळेचा नमुना ५ वेगळा, त्यावर चाचणी टळत नाही. भाच्याचे काम कसे झाले असेल हे आपण सगळे समजतो, आणि तसे परवाने घेतलेलेच पुढे रस्त्यावर लोकांना उडवतात.

दुचाकीवाला_नागपूर
माझ्या भाच्यावर आरोप करण्याचे कारण नाही. मी अनुभव सांगितला.

मानेवाडा_२२
क्षमस्व, तपशील देते. फक्त चारचाकीसाठी, हलके मोटार वाहन. परवाना आधार क्रमांकावरून घरूनच काढला होता. त्याची मुदत सप्टेंबरअखेर संपते आणि पहिली रिकामी तारीख ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे. रुजू होण्याची तारीख १ ऑक्टोबर. काम रुग्णालयांतील उपकरणांच्या देखभालीचे आहे. बुटीबोरीहून कंपनीची गाडी घेऊन उमरेड, काटोल, रामटेक असे फिरायचे आहे.

हिंगणा_नाका
कंपनीची गाडी म्हणजे व्यावसायिक परवाना लागणार, आणि त्यासाठी साध्या परवान्यावर एक वर्ष काढावे लागते. नोकरीचा नादच सोडा.

धरमपेठ_वाचक
असे घाबरवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले आहे की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असणारी व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतचे वाहतूक वाहनही चालवू शकते. यांची तर कंपनीची साधी मोटार आहे.

खामला_कट्टा
मेट्रोने खापरीपर्यंत जा आणि पुढे विजेची कमी वेगाची स्कूटर घ्या. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाडीला परवानाच लागत नाही. मी घेतली आहे, अतिशय समाधानी आहे.

मानेवाडा_२२
आभारी आहे, पण उपकरणांची पेटी घेऊन रामटेकला त्या स्कूटरवर जाता येणार नाही.

निवृत्त_परिवहन
मी या खात्यात नोकरी केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जून २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवाना घरबसल्या मिळू लागला, ही सोय चांगलीच झाली. परंतु पक्क्या परवान्यासाठी, ५ ब प्रमाणपत्र असलेले सोडले तर, प्रत्येक उमेदवाराला निरीक्षकासमोर गाडी चालवून दाखवावीच लागते, आणि निरीक्षक व चाचणीचे मार्ग त्या प्रमाणात वाढले नाहीत, म्हणून गर्दी सारी या टप्प्यावर साचते. शिकाऊ परवाना ६ महिन्यांचा, त्यातले पहिले ३० दिवस चाचणी देता येत नाही. नापास झाल्यास ७ दिवसांनी पुन्हा, तीनदा नापास झाल्यास ६० दिवस थांबणे. म्हणजे तारीख उशिरा मिळालेल्या मुलाला एकदा चुकण्याचीही मुभा उरत नाही.

मुदत संपल्यावर नवा शिकाऊ परवाना काढावा लागतो आणि ३० दिवस पुन्हा मोजले जातात. त्या वाटेने गेलात तर नोव्हेंबर उजाडेल.

लक्ष्मीनगर_आजी
माझी नात इंग्लंडमध्ये आहे, तिकडेही हीच गत आहे. महिनोन्महिने तारीख मिळत नाही आणि लेखी परीक्षेचा निकाल दोनच वर्षे चालतो. काही लोक संगणकाच्या साहाय्याने तारखा अडवून चढ्या भावाने विकतात म्हणे.

वर्धा_रोड
आजी, तिकडचे राहू द्या. ताई, शिकाऊ परवान्यावर एकटीने गाडी नेऊ नका. शेजारी परवानाधारक शिकवणारा नसेल तर विनापरवाना समजून ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी वेगळी हात वर करते.

मानेवाडा_२२
मी नेणार नाही, पण माझ्या बरोबरीची मुले नेतात. घरपोच सेवेत लागलेले कित्येक जण मुदत संपलेल्या शिकाऊ परवान्यावर दिवसभर गाडी चालवतात, कारण काम थांबले की घराचा हप्ता थांबतो. आमच्या घरी गाडी नाही. चाचणीसाठीही ड्रायव्हिंग स्कूलची गाडी भाड्याने न्यावी लागते. तारीख लांबली की बसलेला हात मोडतो, क्लच सोडताना गाडी पुन्हा धक्के देऊ लागते, आणि पुन्हा शिकवणीचे पैसे भरावे लागतात. पदविका हातात असून वडिलांकडे त्यासाठी पैसे मागणे फार जड जाते.

निवृत्त_परिवहन
बेटा, दोन गोष्टी आजच करा. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तेव्हा वर्धा (एमएच ३२) आणि भंडारा (एमएच ३६) येथे सप्टेंबरच्या तारखा आहेत का याची चौकशी करा, आणि नागपूरच्या अर्जाचे काय करावे लागेल हे तिथूनच लेखी विचारून घ्या. दुसरे, येथील कार्यालयाच्या प्रमुखांच्या नावे अर्ज द्या, त्याला नेमणूकपत्राची व शिकाऊ परवान्याची प्रत जोडा आणि आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा. तोंडी बोलण्याचा उपयोग होत नाही.

धरमपेठ_वाचक
रद्द झालेल्या तारखाही अधूनमधून पुन्हा दिसतात, माझ्या मुलाला तशीच मिळाली. रोज पाहत राहा. गाडीचे नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी चाचणीला सोबत ठेवा. यातला एक कागद नसला तर मिळालेली तारीखही वाया जाते.

मानेवाडा_२२
सर्वांचे मनापासून आभार. भंडाऱ्याला सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या काही वेळा रिकाम्या आहेत असे तिथे दूरध्वनीवर कळले. उद्या सकाळी जाऊन नागपूरच्या अर्जाचे लेखी विचारते आणि येताना इथल्या कार्यालयात अर्ज देऊन शिक्का घेते. चाचणीसाठी भंडाऱ्यातच गाडी भाड्याने देणारी, दुहेरी ब्रेकची मोटार असलेली खात्रीची शाळा कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.