एसटी आरक्षणाचं डेटाबेस डिझाइन: नॉर्मलायझेशन पेपरात जमतं, प्रोजेक्टमध्ये अडतंय

कऱ्हाडकर_टीई:
नमस्कार, मी पुण्यात तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. डीबीएमएस (डेटाबेस सांभाळणारी सिस्टिम) या विषयाच्या मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही तिघांनी एसटीचं आरक्षण हा विषय घेतलाय. सध्या दोन टेबलं आहेत. एक 'बस', त्यात गाडी, आगार, विभाग, थांबा१ ते थांबा४, भाडं. दुसरं 'तिकीट', त्यात प्रवासी, सीट नंबर, तारीख. रिव्ह्यूला मॅडमनी विचारलं की पुण्याहून बसलेला माणूस साताऱ्याला उतरला तर तीच सीट पुढे कोल्हापूरपर्यंत दुसऱ्याला कशी देणार, तर आमच्याकडे उत्तरच नव्हतं कारण आमच्यात सीट एकतर बुक नाहीतर रिकामी. नॉर्मलायझेशन म्हणजे तीच माहिती परत परत येऊ नये म्हणून टेबलं तोडणं, पेपरात ए, बी, सी, डी असे कॉलम दिले की कॅन्डिडेट की (ओळ नेमकी ओळखणारे कॉलम) काढता येते, बीसीएनएफ या कडक नियमापर्यंत तोडताही येतं, पण इथे ए कोण आणि बी कोण हेच कुणी सांगत नाही. सुरुवात कुठून करायची? आणि भाडं तिकिटात पण ठेवायचं का? मित्र म्हणतो ती रिडन्डन्सी झाली, म्हणजे तीच माहिती उगाच दोनदा.

टेबल_ताई:
मॅडमनी फार मोलाचा प्रश्न विचारलाय, त्याच्या मागे लागा. आधी टेबलं बाजूला ठेवा आणि कागदावर साध्या मराठीत वाक्यं लिहा: काय माहीत असलं की काय ठरतं. आगार कळलं की विभाग ठरतो, स्वारगेट म्हटलं की पुणे विभाग. मार्ग आणि थांब्याचा क्रम कळला की थांबा ठरतो. फेरी कळली की मार्ग, तारीख, सुटायची वेळ ठरते. हीच तुमची फंक्शनल डिपेन्डन्सी, पेपरातले ए आणि बी इथूनच येतात. आता बघा, विभाग हा आगारावरून ठरतोय, गाडीवरून थेट नाही, म्हणजे तो बसच्या टेबलात प्रत्येक ओळीत लिहिला तर ट्रान्झिटिव्ह डिपेन्डन्सी आली, नॉर्मलायझेशनची तिसरी पायरी, थर्ड नॉर्मल फॉर्म, मोडली. उद्या एखादं आगार दुसऱ्या विभागाला जोडलं तर शेकडो ओळी बदलायच्या, एखादी राहिली की डेटा खोटं बोलायला लागतो.

थांबा१ ते थांबा४ आजच काढून टाका. पाचवा थांबा आला की टेबलच बदलावं लागेल, आणि 'साताऱ्याला थांबणाऱ्या गाड्या' शोधायला चार कॉलम तपासावे लागतील. 'मार्ग_थांबा' वेगळं टेबल करा: मार्ग, क्रम, थांबा. प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची ओळख, मार्ग आणि क्रम मिळून.

भाड्याचं मात्र मित्राला सांगा की ती रिडन्डन्सी नाही. आजचा दर ही एक गोष्ट आणि त्या प्रवाशाने त्या दिवशी भरलेले पैसे ही दुसरी. 2025 च्या जानेवारीत एसटीची भाडेवाढ झाली, मग 2024 चं तिकीट आजच्या दराने दाखवणार का? शिवाय मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ज्येष्ठांच्या सवलती वेगळ्या. मी मुलांना एकच कसोटी देते: एक बदललं की दुसरं बदलायलाच हवं का? हवंच असेल तर रिडन्डन्सी, नसेल तर दोन्ही ठेवा.

कमिट_रोलबॅक:
ताईंनी पाया सांगितला, मी सीटचं सांगतो. पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर असे चार थांबे म्हणजे मधे तीन टप्पे. 'सीट_टप्पा' टेबल करा, कॉलम फेरी, सीट, टप्पा, तिकीट. पहिल्या तिन्हींवर मिळून युनिक, म्हणजे तीच तिकडी दुसऱ्यांदा टाकता येणार नाही. पुणे ते सातारा तिकीट काढलं की एक ओळ, सातारा ते कोल्हापूर काढलं की दोन ओळी, सीट तीच तरी भांडण नाही. पुणे ते कराड मागणारा तिसरा आला की डेटाबेस स्वतःच नाही म्हणेल. तिकीट रद्द झालं तर टप्प्यांच्या ओळी डिलीट करा पण तिकिटाची ओळ 'रद्द' म्हणून राहू द्या, पैसे परत करायला लागते.

कऱ्हाडकर_टीई:
ताई, दादा, खूप आभार, हे वाचून पहिल्यांदा वाटलं की तो चॅप्टर कशासाठी होता. दादा, एक विचारतो, आम्ही जावामध्ये आधी सिलेक्ट मारून सीट रिकामी आहे का बघतो आणि मगच इन्सर्ट करतो (ओळ टाकतो), मग युनिकची गरज आहे का?

कमिट_रोलबॅक:
आहेच, आणि हे रिव्ह्यूत दाखवाच. दोन लॅपटॉपवरून एकाच वेळी सिलेक्ट मारा, दोघांना सीट रिकामी दिसेल, दोघंही इन्सर्ट करतील. युनिक असेल तर दुसरा इन्सर्ट पहिल्याच्या कमिटपर्यंत (बदल पक्का होईपर्यंत) थांबतो आणि मग एरर देतो, तो एरर पकडून रोलबॅक करा (केलेलं मागे घ्या) आणि 'सीट गेली' सांगा. तिकिटाची ओळ आणि सगळे टप्पे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही), नाहीतर टप्पा मिळाला एक आणि पैसे कापले दोनचे असं होईल. टप्पे नेहमी चढत्या क्रमाने टाका, एकाने 1 मग 2 आणि दुसऱ्याने 2 मग 1 असं घेतलं तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतात, डेडलॉक.

टेबल_ताई:
वेळ काढून रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे टेबलांच्या डेटाबेसची, कल्पना मांडणाऱ्या कॉडचा 1970 चा मूळ शोधनिबंध वाचा, तो आयबीएममध्ये असताना लिहिलेला. अकराच पानं आहेत, उदाहरणं सप्लायर आणि पार्टची, अगदी साधी. आणि लॅबमध्ये मायएसक्यूएल (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) कुठलं आहे ते आधी बघून घ्या. 8.0.16 च्या आधीच्या व्हर्जनमध्ये चेक कन्स्ट्रेन्ट (कॉलमवरची अट) लिहिलं तर एरर येत नाही पण ते लागूही होत नाही, म्हणजे 'भाडं शून्यापेक्षा कमी नको' लिहूनसुद्धा उणे भाडं आत जाईल.