मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हाळ्यात घरी टेंपे कसं जमवायचं?

शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या पोरांना सध्या नवे पदार्थ करून चाखायचं खूळ आहे. आता नंबर इंडोनेशियाच्या टेंपेचा, म्हणजे खाण्याजोग्या बुरशीनं आंबवून घट्ट वडी झालेल्या सोयाबीनचा.

अर्धा किलो सोयाबीन रात्रभर भिजवून, चोळून सालं काढायची (पोरांचं आवडतं काम, ओट्याचं मात्र तळं होतं), पाऊण तास शिजवून पंख्याखाली कोरडं करायचं. दाण्यावर ओल राहिली की बुरशीऐवजी जिवाणू फोफावतात. सगळं चिकट होऊन अमोनियाचा वास मारतं. मग दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक छोटा चमचा टेंपेचं विरजण (त्या बुरशीची पूड), आणि सुईनं टोचलेल्या पिशवीत इंचभर थर.

घोडं अडतं तापमानाशी. बुरशीला ३० ते ३२ अंश लागतात, २४ ते ४८ तास. अर्ध्या दिवसानंतर ती स्वतःच तापते, त्यात मे महिन्यातली खोली! कूलरसमोर ठेवलं तर वाऱ्यानं वरचे दाणे सुकतात.

थर्माकोलच्या डब्यात बर्फाची बाटली ठेवून कोणी केलंय का? बाटली किती तासांनी बदलता? छिद्रांजवळचे काळे डाग चालतात, हिरवं-गुलाबी दिसलं तर फेकायचं, हे माहीत आहे. पिशवीऐवजी केळीची पानं वापरायची तर गोकुळपेठ बाजारात रोज मिळतील का?