मदत हवी आहे: पारा ३४ च्या वर जात नाही, तरी आंबाकाढणीचे गडी कोसळतायत

कातळावरची_बाग

मंडळी, जरा तातडीचं आहे. रत्नागिरी तालुक्यात, समुद्रापासून सहा-सात किलोमीटर आत, कातळावर हापूसची बाग. काढणी ऐन भरात आहे. सहा गडी आहेत: चार दरवर्षीचे, दोघे नेपाळहून सोमवारी उतरले आणि मंगळवारपासून कामाला लागले. सकाळी ७ ते १, मग ३ ते ६. घळीने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबे काढायचे आणि भरलेले क्रेट, साधारण २० किलोचे, डोक्यावरून चढाने मांगरापर्यंत, म्हणजे बागेतल्या शेडपर्यंत, आणायचे.

गुरुवारी अकराच्या सुमारास नव्यांपैकी एकाच्या पोटऱ्यांना आणि पोटाला गोळे आले, दोनदा उलटी झाली. त्याच दुपारी जुन्यांपैकी एकाने क्रेट खाली ठेवला आणि उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसला. दहा मिनिटांत ठीक झाला. पहिल्याला अंगदुखीची गोळी दिली.

मांगरातला थर्मामीटर ३४ दाखवतो. विदर्भात ४४ मध्ये लोक कामं करतात, मग इथे हे का? गडी घामाने नुसते निथळत असतात, म्हणजे अंग थंड होतच असणार ना? पाणी भरपूर पितात, दुपारपर्यंत माणशी पाच-सहा लिटर सहज. अजून दहा दिवस काढणी थांबवता येणार नाही. नक्की काय चुकतंय?

ओला_पारा

चूक 'निथळतात' या शब्दातच आहे. अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून ठिबकला तर उष्णता जवळपास काहीच जात नाही, पाणी आणि मीठ मात्र जातं.

आता हिशेब मांडा. २० किलो घेऊन चढ चढणारं शरीर तासाला साधारण ४०० किलोकॅलरी खर्च करतं. स्नायूंची कार्यक्षमता जास्तीत जास्त २० ते २५ टक्के, बाकी सगळी उष्णता. म्हणजे ३०० च्या वर किलोकॅलरी दर तासाला बाहेर टाकायच्या, वरून ऊन आणि तापलेला कातळ वेगळा. ६० किलोच्या माणसाच्या अंगात ५० किलोकॅलरी अडकल्या की तापमान एक अंशाने चढतं. थोडी जरी तूट राहिली तरी दोन तासांत काय होईल ते दिसतंच आहे.

विदर्भाशी तुलना पाऱ्यावरून करू नका, हवेतल्या बाष्पावरून करा. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओला पारा, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा आकडा, २४ च्या आसपास येतो. ३४ अंश आणि ६५ टक्के असेल तर २८ च्या वर. कातडीवरचा घाम हवेत शिरायला जो दाबाचा फरक लागतो, तो आपल्याकडे तिथल्यापेक्षा जवळजवळ निम्मा. तिथे घाम दिसायच्या आत वाळतो, इथे सदरा पिळावा लागतो. म्हणून हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेचा विचार सपाट प्रदेशात ४० पासून आणि किनाऱ्यावर ३७ पासून करतं. पण तुमचे गडी ३४ लाच पडले, तेव्हा लाट जाहीर व्हायची वाट बघण्यात अर्थ नाही.

मांगरात दुसरा साधा थर्मामीटर टांगा. त्याच्या फुग्यावर मलमलची पट्टी गुंडाळा, पट्टीचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा आणि दोन-तीन मिनिटं पुठ्ठ्याने वारा घाला. कोरड्या आणि ओल्या पाऱ्यात फरक जितका कमी, तितका घाम फुकट.

वाऱ्याचंही बघा. सकाळचा मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा) पडतो आणि समुद्रावरून येणारं खारं वारं अजून सुटलेलं नसतं, त्या मधल्या वेळात बागेत पान हलत नाही. तुमचा अकराचा प्रसंग त्याच वेळेतला दिसतो. दाट कलमं आणि भोवती गडगा, म्हणजे दगडी कुंपण, असेल तर आणखी वाईट. क्रेट वाहायचं काम त्या वेळी ठेवूच नका.

श्रमशास्त्र

वरचं सगळं बरोबर. आतल्या बाजूचं थोडं.

काम करताना स्नायूंना रक्त हवं असतं आणि उष्णता बाहेर टाकायला कातडीलाही हवं असतं. रक्त तेवढंच, उलट घामाने पातळ भाग कमी होत जातो. मग हृदयाच्या एकेका ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं आणि भरपाईला ठोके वाढतात. त्याच वजनाचा क्रेट सात वाजता १२० च्या नाडीवर वर येतो आणि अकराला १५० वर. गड्याला वाटतं आपण थकलो, प्रत्यक्षात हृदय दोन मालकांची चाकरी करत असतं.

तुमचा जुना गडी पडला तो यातूनच. चालताना पोटऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त वर पिळून देतात. क्रेट ठेवून तो एकदम स्थिर उभा राहिला, पिळणं थांबलं, कातडीच्या शिरा आधीच फुगलेल्या, डोक्याचा पुरवठा क्षणभर तुटला. क्रेट ठेवल्यावर उभं राहायचं नाही. मिनिटभर चालायचं किंवा सरळ बसायचं. अंधारी आलीच तर आडवं करून पाय क्रेटवर ठेवायचे.

नव्या दोघांचा मुद्दा वेगळा आणि जास्त गंभीर. थंड मुलखातून आलेल्या शरीराला दमट उष्णतेची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला पातळ भाग वाढतो आणि नाडी खाली येते. घाम लवकर सुटायला आणि त्यातलं मीठ कमी व्हायला आणखी आठवडा. सवय नसलेल्याचा घाम खारट असतो, म्हणजे तुमच्या नव्या गड्याचं मीठ जुन्यांपेक्षा कितीतरी वेगाने गेलं. तिसऱ्या दिवशीच कोसळणं हेही नेहमीचं आहे: रोजची थोडी थोडी तूट रात्रीत भरून निघत नाही, साठत जाते.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं जड काम एकूण वेळेच्या २० टक्केच द्यायचं, मग रोज २० टक्के वाढवायचं. तुमच्या नऊ तासांत पहिल्या दिवशी पावणेदोन तास. उरलेला वेळ सावलीत आंबे निवडणं, पेट्यांत पेंढा भरणं. पण निव्वळ सावलीत बसवून सवय होत नाही, रोज तास-दीड तास घाम काढणारं काम हवंच. जुना गडी आठवडाभर गावी जाऊन आला तर त्यालाही ५०, ६०, ८०, १०० टक्के असं चार दिवसांत वर आणा.

मांगरकर

तुझ्या गड्यांक सकाळी आधी मीठ घातलेली पेज घाल. चहा-बटरावर कोण क्रेट उचलतलो?

कातळावरची_बाग

मांगरकर, चहा-बटरच चाललंय, हे कबूल. पण पाणी इतकं पिऊनही गोळे का?

आरोग्यकेंद्र

कारण ते नुसतं पाणी आहे. एक लिटर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ; सवय नसलेल्याचं त्याहून जास्त. सहा तासांत पाच-सहा लिटर घाम म्हणजे १२ ते १५ ग्रॅम मीठ गेलं आणि बदल्यात आलं विहिरीचं गोडं पाणी. गोळे येण्यात स्नायूंच्या थकव्याचाही वाटा असतोच, म्हणून उपाय दोन्ही अंगांनी: काम थांबवा, गुडघा सरळ ठेवून पायाचा पंजा नडगीकडे ओढून धरा, आणि खारट पाणी घोट घोट पाजा. झाडावर किंवा शिडीवर असताना गोळा आला तर तो वरून पडेल, म्हणून पोटरी फडफडायला लागली की लगेच खाली उतरायचं हे सगळ्यांना सांगून ठेवा.

मांगरकरांची पेज हा विनोद नाही. उकड्या तांदळाच्या पेजेत पिष्ट असतं, त्याची आतड्यात साखर होते, आणि साखरेबरोबर सोडियम आत ओढलं जातं, त्यामागून पाणी. ओआरएसचं तत्त्व हेच. सकाळी दोन वाट्या पेज, चवीला खारट लागेल इतकं मीठ, जोडीला लोणचं.

कामाच्या वेळी:
– दर १५-२० मिनिटांनी एक पेला, २०० ते २५० मिली. एकदम तांब्या तोंडाला लावायचा नाही. तासाला दीड लिटरच्या वर कधीच नाही.
– त्यातलं निम्मं पाणी खारट: लिटरला पाव चमचा मीठ, दोन-तीन चमचे साखर. कोकमाचं आगळ असेल तर उत्तम, पण ते मुळातच खारवलेलं असतं, तेव्हा चव घेऊन मीठ घाला.
– गोळे किंवा उलट्या झाल्या असतील तर ओआरएसची तयार पुडी, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलीचा. मीठ अंदाजपंचे जास्त पडलं तर उलटी वाढते.
– शहाळं चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. ते मिठाची जागा घेत नाही.

किती प्यायचं हा वाद वजनकाटा मिटवतो. पेट्या तोलायचा काटा आहेच. सकाळी आणि दुपारी एकला, ओला सदरा काढून, गड्याचं वजन घ्या. एक किलो घट म्हणजे एक लिटर तूट. ६० किलोच्या माणसाची घट १.२ किलोच्या आत ठेवा. आणि वजन वाढलेलं दिसलं तर सावध व्हा: डोकं दुखणं, उलटी, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, लघवी पाण्यासारखी, हे रक्तातलं सोडियम उतरल्याचं लक्षण असू शकतं. अशा माणसाला आणखी पाणी पाजणं धोक्याचं, सरळ दवाखान्यात न्या.

अंगदुखीची गोळी बंद. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असेल तर, पाणी कमी असताना मूत्रपिंडाला रक्त पोचवणारी जी सोय शरीर लावतं, तीच ही गोळी तोडते. लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली असेल तर स्नायू फुटून त्यातला रंग उतरतोय, त्याच दिवशी तपासणी हवी. गड्याला हे थेट विचारा, आपणहून कोणी सांगत नाही. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी, सर्दीची गोळी, रात्रीची दारू, हेही विचारा.

एक प्रश्न: त्या दोन-तीन दिवसांत फवारणी झाली होती का?

कातळावरची_बाग

हो, बुधवारी खालच्या उशिराच्या कलमांवर तुडतुड्यासाठी. नवा गडी पंपाबरोबर होता. त्याचा काय संबंध?

आरोग्यकेंद्र

मोठा संबंध. ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातलं औषध अंगात गेलं तरी घाम, उलटी, पोटात कळ, स्नायू फडफडणं हेच दिसतं आणि सगळे 'ऊन लागलं' म्हणून मोकळे होतात. फरक डोळ्यांत बघा: बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, छातीत घरघर. यातलं काही असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवा, औषधाची बाटली बरोबर घ्या आणि लगेच रुग्णालय गाठा. बाटलीवरचं घटकाचं नाव आत्ताच वाचून इथे टाका.

कातळावरची_बाग

बाटलीवर इमिडाक्लोप्रिड आहे. बाहुल्या नेहमीसारख्या, लाळ वगैरे नाही. लघवी गडद पिवळी, चहासारखी नाही. आज सकाळपासून उलटी नाही, पेज जेवला.

आरोग्यकेंद्र

ते त्या दोन गटांतलं नाही, आणि उलटी कामाच्या ऐन भरात, गोळ्यांबरोबर झाली, म्हणजे मीठ-पाण्याकडेच बोट जातं. तरी आज त्याला डॉक्टरांना दाखवा, फवारणीचं सांगा. दोन दिवस पूर्ण सुट्टी, मग पहिल्या दिवसाच्या २० टक्क्यांपासून. पुढच्या फवारणीला जो पंपावर असेल तो त्या दिवशी क्रेट वाहणार नाही. बंद प्लास्टिकच्या कोटात घाम वाळायची सोयच नसते.

आता जे झालं नाही पण होऊ शकतं ते. गडी असंबद्ध बोलायला लागला, चिडला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात धरा. अंग घामाने ओलं असलं तरीही. 'कातडी कोरडी पडते' हे श्रमाच्या उष्माघातात बऱ्याचदा खरं नसतं. आतलं तापमान ४० च्या वर असतं आणि काखेतला थर्मामीटर ते दाखवत नाही. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका: आधी थंड करा, मग हलवा. ताडपत्री चौघांनी चारी बाजूंनी उचलून झोळी करा, माणूस आत, १००-१५० लिटर पाणी ओता, बर्फ असेल तो टाका, पाणी हलवत राहा, एकाने डोकं वर धरा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरवायचं असतं. बर्फ मासळीच्या जेट्टीवर मिळतो. एक लादी थर्माकोलच्या पेटीत रोज मांगरात ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण हा ताप नव्हे. मेंदूने तापमान वाढवायला सांगितलेलं नसतं.

कातळावरची_बाग

समजलं. उद्यापासून वेळ सकाळी ६ ते १० आणि ४ ते ६.३० करतोय. पण सावलीत किती वेळ बसवायचं हे कसं ठरवू? गडी "काही होत नाही" म्हणून उठतात.

श्रमशास्त्र

नाडीला विचारा. गडी बसला की पहिला अर्धा मिनिट सोडा, पुढचा अर्धा मिनिट मनगटावर ठोके मोजा आणि दुप्पट करा. तिसऱ्या मिनिटाच्या उत्तरार्धात पुन्हा तसंच. पहिला आकडा ११० च्या आत असेल तर वेळापत्रक ठीक. ११० च्या वर असेल तर पुढची कामाची पाळी एक तृतीयांशाने कमी करा, विश्रांती तेवढीच. तिसऱ्या मिनिटाला अजून ९० च्या वर आणि पहिल्यापेक्षा १० ने सुद्धा उतरली नसेल, तर त्या गड्याचं आजचं वाहतुकीचं काम संपलं. तो पेंढा भरेल.

सुरुवात ४५ मिनिटं काम, १५ विश्रांती अशी करा. विश्रांती झाडाखाली नको, जिथे वारा लागतो तिथे. मांगरात पंखा असेल तर ओला पंचा खांद्यावर टाकून त्याच्यासमोर. आणि क्रेट २० ऐवजी १५ किलोचा भरा. खेपा वाढतील, पण एकेका चढणीला नाडी खाली राहील.

मांगरकर

आणि तो थर्मामीटर मांगराच्या पत्र्याखाली टांगलेलो असात तर आधी थयसून काढ.