विषय: घोडबंदरला फ्लॅट घेताना पाण्याचं काय?

नमस्कार मंडळी,
आई-बाबांसाठी ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीजवळ फ्लॅट बघतोय. बिल्डरचा माणूस म्हणतो, पाणी चोवीस तास. धाकटी बहीण वाशीला असते, ती म्हणते पाणी हवं असेल तर इकडे ये. एवढा फरक आहे का खरंच? काका, तुम्ही पाणी खात्यातलेच, जरा सांगा.
– पाचपाखाडी (सध्या एडिसन)

---

अरे, चोवीस तास म्हणजे महापालिकेच्या लाइनला की गच्चीवरच्या टाकीला, ते आधी विचार त्याला. टाकी टँकरनंही भरते.

तुझ्या बहिणीचं बरोबर आहे. नवी मुंबई महापालिकेनं मोरबे धरण राज्याच्या जीवन प्राधिकरणाकडून विकतच घेतलं. खालापूरकडे धावरी नदीवर आहे ते. तिथलं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन शहरात येतं, योजना ४५० एमएलडीची, म्हणजे रोज ४५ कोटी लिटरची. धरण ८८ मीटरला भरलं की वर्षाची काळजी मिटते. मात्र ऐरोली-दिघ्याच्या बाजूला एमआयडीसीचंही पाणी आहे, आणि उलवे-द्रोणागिरीला गेलास तर मोरबे नाहीच. तिथं सिडको हेटवणे धरणाचं देते.

ठाण्याला स्वतःचं धरण नाही. रोजचं साधारण ५८५ एमएलडी चार दारांतून येतं: पालिकेची स्वतःची योजना २५०, एमआयडीसी १३५, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी ११५, मुंबई महापालिका ८५. त्यातही 'स्वतःची' योजना म्हणजे काय, तर भातसा धरणातून नदीत सोडलेलं पाणी पिश्याच्या बंधाऱ्यावर उचलायचं आणि टेमघरला शुद्ध करायचं. मुंबई तिथूनच उचलते आणि पांजरापूरला नेते. स्टेम शहाडला उल्हास नदीतून घेते, पण तिला भिवंडी, मीरा-भाईंदर आणि जिल्हा परिषदेची गावंही सांभाळायची असतात. कळवा-मुंब्रा-दिव्याला एमआयडीसीचं, म्हणजे बारवी धरणाचं.

हे सगळं पंपावर चालतं. पिश्याला वीज गेली की ठाण्यात नळ आटतो. शटडाऊन एक दिवसाचा असला तरी पुढचे एक-दोन दिवस पाणी कमी दाबानं येतं, आणि लाइनच्या शेवटाला असलेल्यांना सगळ्यात उशिरा. टॉवर मात्र उठतच राहतात. मुरबाडकडचं काळू धरण म्हणशील, तर २०१२ मध्ये वनखात्याच्या मंजुरीअभावी न्यायालयानं काम थांबवलं. त्याच्या भरवशावर फ्लॅट घेऊ नकोस.
– काका, नौपाडा

---

काका, सगळं पटलं, पण आमच्या तालुक्यातल्या धरणाचं नाव काढलंत आणि तसेच पुढे गेलात! भातसा शहापूरचं, तानसाही शहापूरचं. मुंबईला जवळजवळ निम्मं पाणी एकटं भातसा देतं. आणि एप्रिल-मे महिन्यात त्याच शहापूरच्या पाड्यांवर टँकर. माझी आत्या अजून तिथंच राहते. विहीर खरवडून हंडा भरायला किती वेळ लागतो ते तिला विचारा.

गंमत म्हणजे, आमच्यासाठी पाणी आणायचं ठरलं ते इगतपुरीच्या भावली धरणातून. का, तर घाटमाथ्यावरून ते उताराने आपोआप खाली येतं. भातसाचं पाणी खाली दरीत आणि पाडे वर डोंगरात. हिशेब बरोबर आहे, मान्य. पण शहरासाठी पंप बसवताना कोणाला चढ आडवा आला नाही.

फ्लॅट जरूर घ्या. पाणीकपात झाली की लिस्टवर ओरडू नका मात्र!
– शहापूर (सध्या टोरांटो)

---

ताई, खरं आहे, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पाचपाखाडी, तू एवढंच कर. त्याच रस्त्यावरच्या चार-पाच वर्षं जुन्या सोसायटीत जा आणि सेक्रेटरीकडे एप्रिल-मेची टँकरची बिलं माग. ब्रोशर नंतर वाच.
– काका

---

काका, बहिणीला पाठवतो रविवारी. बिलं मिळाली की इथं टाकतो.
– पाचपाखाडी