अनुभव धागा: फोटोखालची एक ओळ आणि तिच्यामागून येणाऱ्या कमेंट्स

धागाकर्ती

वर्तमानपत्रात फोटोखालच्या मजकुराला ‘फोटोओळ’ म्हणतात. पान लावायच्या घाईत ती शेवटी लिहिली जाते आणि वाचक मात्र बातमीआधी तीच वाचतो. आता हे काम आपल्या सगळ्यांच्या हातात आलं आहे. लोक फोटो बघतात, पण उत्तर देतात ते खालच्या ओळीला. ओळीत गावाचं नाव नसेल तर सुरुवातीच्या कमेंट्स ‘कुठे आहे हे?’ अशाच येतात आणि सांगायचं होतं ते राहून जातं.

इथे पेज चालवणारे, ग्रुप सांभाळणारे, घरगुती माल विकणारे, पावसापाण्याची माहिती पोचवणारे बरेच जण आहेत. कोणत्या ओळीने बोलणं कुठे वळतं आणि ती कशी लिहिली तर वळत नाही, ते लिहा. स्वतःची कहाणी नको. ओळ, तिचा परिणाम आणि दुरुस्ती एवढंच हवं. सुरुवातीला एक हिशेब: इन्स्टाग्रामवर कॅप्शन २२०० अक्षरांपर्यंत चालतं, पण ‘आणखी’ न दाबता दिसतात ती साधारण पहिली १२५. बहुतेक वाद त्या १२५ वरच होतात.

शेवटी_क्रियापद

१२५ म्हणजे मराठीत किती, ते आधी पाहू. यंत्र काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह, सगळं वेगळं मोजतं. ‘महाराष्ट्र’ आपल्याला चार अक्षरं वाटतात, मोजणीत दहा भरतात. मधल्या मोकळ्या जागा धरल्या तर १२५ मध्ये अठरा-वीस शब्द बसतात.

खरी अडचण पुढे आहे. मराठीत ‘नाही’, ‘नये’, ‘नका’ वाक्याच्या शेवटी येतात आणि कापलं जातं तेही शेवटच. हे वाक्य बघा:

‘यंदा मंडळाची विसर्जन मिरवणूक नेहमीच्या मार्गाने, नेहमीच्या वेळी आणि ढोलपथकासह काढायची असा जो निरोप सगळीकडे फिरतो आहे तो खरा नाही.’

मोजून बघा, ‘खरा’पर्यंत १२३ भरतात. ‘नाही’ पडद्याआड जातं. वरवर वाचणाऱ्याला मंडळानेच निरोप खरा ठरवलेला दिसतो आणि खाली ‘गणपती बाप्पा मोरया, येतोच’ अशा कमेंट्स सुरू होतात. त्यांची काहीच चूक नाही.

दुरुस्ती: नकार पहिल्या दोन शब्दांत आणा. ‘निरोप खोटा आहे: मिरवणुकीचा मार्ग अजून ठरलेला नाही.’ किंवा ‘पिऊ नका: टाकीचं पाणी दोन दिवस गढूळ येईल.’ खोटा निरोप खोडून काढताना तो पूर्ण पुन्हा लिहू नका, विषयाचं नाव पुरतं. आणि ‘नमस्कार मंडळी, आज आपण’ ही सुरुवात टाळा. त्यात चार शब्द जातात आणि हाती काही लागत नाही. रीलखाली तर जेमतेम एकच ओळ दिसते.

पंचगंगाकाठ

पुराच्या फोटोंबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे चुकीची ओळ लोकांना घराबाहेर काढते किंवा घरात बसवून ठेवते.

‘आत्ताची परिस्थिती’ ही सगळ्यांत धोकादायक फोटोओळ. व्हॉट्सअॅपवर पुढे ढकललेल्या फोटोला ढकलल्याची वेळ दिसते, काढल्याची नाही. त्यामुळे ‘आत्ता’ कायम आत्ताच राहतं. कोल्हापूर-सांगलीने २०१९ आणि २०२१ असे दोन मोठे पूर पाहिले आहेत. दोन्हींमधली बुडालेली बसथांबे, चौक आणि पेठा फोटोत सारख्याच दिसतात. तारीख नसेल तर दरवर्षी जुलैत ते फोटो नव्याने फिरू शकतात.

फोटोओळीत पाच गोष्टी हव्यात: ठिकाण, तारीख, वेळ, पातळी, आणि पाणी चढतंय की उतरतंय. कोल्हापुरातला नमुना: ‘राजाराम बंधारा, २४ जुलै, सकाळी ९. पातळी ४१ फूट, चढती. इशारा ३९, धोका ४३.’ एवढं लिहिलं की ‘धोका पातळी किती?’ हा प्रश्नच येत नाही आणि कमेंट्समध्ये कामाचं बोलणं होतं: कोणता रस्ता बंद, कोणत्या गल्लीत पाणी आलं, जनावरं कुठे हलवली.

नुसता आकडा देणं पुरत नाही, कारण आकडा जागेशी बांधलेला असतो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशारा ४० फुटांवर आणि धोका ४५ वर. ‘पाणी ४४ फुटांवर’ एवढंच लिहिलं तर कोल्हापूरकर म्हणणार धोक्याची पातळी ओलांडली, सांगलीकर म्हणणार अजून एक फूट बाकी आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि खाली पन्नास कमेंट्सचं भांडण होतं. जागेचं नाव आकड्याच्या आधी लिहा.

‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ याचंही तसंच. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. किती उघडले आणि किती वाजता, हे लिहा. बंद झाले की तेही त्याच ठळकपणे लिहा. उघडल्याची पोस्ट गावभर फिरते, बंद झाल्याची मागे राहते.

आता फोटोओळ फोटोपासून कशी सुटते ते. व्हॉट्सअॅपवर फोटो पुढे पाठवताना कॅप्शन सोबत जातं, पण एका फुलीने ते काढता येतं. काही जण फोटो फक्त सेव्ह करून नव्याने टाकतात. म्हणून तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोवरच लिहा, कडेला नको. कडेचं कापता येतं, फोटोतल्या पाण्यावर लिहिलेलं कापता येत नाही. चूक झाली तर संदेश १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो, पण तोवर पुढे गेलेल्या प्रती बदलत नाहीत. सर्वांसाठी डिलीट केलं तरी त्या राहतात. त्यामुळे दुरुस्तीचा वेगळा फोटो करा: जुनाच फोटो, त्यावर ठळक ‘जुना, २०१९’.

नदीपलीकडे

@पंचगंगाकाठ, ‘चढती/उतरती’बद्दल मनापासून आभार. यात भर: व्हॉट्सअॅपवर पुढे आलेल्या संदेशावर दुहेरी बाण दिसला की तो संदेश निदान पाच हातांतून आलेला असतो. असा फोटो ग्रुपवर टाकायचाच असेल तर ‘खात्री झालेली नाही’ हे शब्द आधी लिहा आणि कोणाला विचारलं आहे तेही लिहा. नुसतं ‘आलंय तसं पाठवतोय’ लिहिलं तर वाचणारे ते पुष्टी समजतात.

च_आणि_ही

एका अक्षराबद्दल. ‘मुंबईत चांगली मिसळ मिळते’ याखाली पत्ते येतात. ‘मुंबईतही चांगली मिसळ मिळते’ याखाली भांडण येतं, कारण त्या ‘ही’मध्ये आश्चर्य आहे आणि मुंबईकराला ते बरोबर ऐकू येतं. ‘मिसळ नाशिकचीच’ लिहिलं की पुणे आणि कोल्हापूर हजर. बोलताना ‘च’ हसून म्हणता येतो, लिहिताना हसू पोचत नाही. पोस्ट करण्याआधी ओळीतले ‘च’, ‘ही’, ‘तरी’, ‘सुद्धा’ शोधा आणि प्रत्येक काढून वाचून बघा. अर्थ तोच राहत असेल तर काढून टाका.

तीन टिंबांचंही तसंच. ‘काही माणसं वेळ आली की कळतात…’ हे स्टेटस चोवीस तास राहतं आणि तेवढ्यात नात्यातल्या प्रत्येकाला ते आपल्याचबद्दल वाटतं. स्टेटसला आलेलं उत्तर खासगीत येतं, त्यामुळे दहा जण दुखावले तरी लिहिणाऱ्याला दोघंच दिसतात. बाकीच्यांचं बोलणं त्याच्या पाठीमागे, दुसऱ्या ग्रुपवर होतं. ज्याला सांगायचं आहे त्याला फोन करावा.

खमंग_भाजणी

फराळ विकणाऱ्यांसाठी. फोटोखाली ‘ऑर्डर सुरू! किमतीसाठी इनबॉक्स’ लिहिलं की सगळ्या कमेंट्स ‘किंमत?’ आणि ‘इनबॉक्स केलं आहे ताई’ अशा होतात. चकली खुसखुशीत होती का, तेल कोणतं, डबा प्रवासात टिकला का, हे विचारायला किंवा सांगायला जागाच उरत नाही. गिऱ्हाइकांनी एकमेकांना दिलेली उत्तरं हीच तुमची खरी जाहिरात असते.

पहिल्या ओळीत पदार्थ, वजन, किंमत आणि शेवटची तारीख. दुसऱ्या ओळीत कुठे पोचवता. मग तेल, टिकण्याचे दिवस, शेंगदाणे किंवा तीळ आहेत का. ‘घरगुती चव’ सगळेच लिहितात, ‘भाजणीची चकली, शेंगदाणा तेलात’ लिहिलं तर त्यावर बोलता येतं. माल संपला की कॅप्शनच्या सुरुवातीला ‘संपली’ जोडा, कमेंटमध्ये लिहून भागत नाही.

नियम_वाचणारा

वरच्याला जोडून. कोणाचा डबा फुकट मिळाला किंवा पैसे घेऊन रील केली असेल तर ते पहिल्या दोन ओळींतच सांगावं लागतं, ‘आणखी’च्या आत नाही. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने, म्हणजे जाहिरात मानक परिषदेने (ASCI), १४ जून २०२१ पासून हा नियम लावला आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शिका काढली. मजकूर मराठी असेल तर ‘जाहिरात’ किंवा ‘भेट मिळालेला डबा’ असं मराठीतच लिहा. चर्चेलाही याने फायदा होतो. न सांगता केलेलं कौतुक उघडं पडलं की पुढच्या प्रत्येक पोस्टखाली पदार्थ बाजूला राहतो आणि ‘किती मिळाले?’ एवढंच विचारलं जातं.

प्रश्नचिन्ह

प्रश्न विचारला की चर्चा होते असं नाही. ‘कोणाकोणाला आवडते मिसळ? हो असेल तर लाईक’ अशा ओळी फेसबुक डिसेंबर २०१७ पासून मागे ढकलतं: लाईक मागणं, टॅग करायला लावणं, शेअर मागणं, सगळंच. माणसंही एका शब्दात उत्तर देऊन निघून जातात.

उत्तर देणाऱ्याला ठाऊक असलेली छोटी गोष्ट विचारा. ‘तुमच्याकडे मिसळीबरोबर पाव देतात की स्लाइस ब्रेड?’ कोल्हापूरकर ब्रेड सांगतो, नाशिककर पाव आणि पापड सांगतो, पुणेकर मिसळीतल्या पोह्यांचं सांगतो, आणि ‘भारी कोण’ हा वाद न होता माहिती जमते. एका ओळीत एकच प्रश्न. दोन विचारले तर सोप्यालाच उत्तर मिळतं.

शेवटचा_नमस्कार

निधनाच्या पोस्टबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. फोटो आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एवढंच टाकलं तर पहिला प्रश्न ‘कोण गेलं?’ आणि दुसरा ‘कसं झालं?’ हा दुसरा प्रश्न घरच्यांनी वाचावा लागतो.

आधी जवळच्या नातेवाइकांना फोनवर कळलं आहे ना, याची खात्री करा. मग पूर्ण नाव, गाव, वय, कधी गेले, अंत्यदर्शन कुठे आणि किती वाजता. घरच्यांशी बोलण्यासाठी एकाच माणसाचं नाव, त्याची परवानगी घेऊन. कारण लिहायचं नसेल तर ‘घरच्यांना कारण विचारू नये, ही विनंती’ असं सरळ लिहा, लोक ऐकतात. वेळ आणि ठिकाण मूळ ओळीतच हवं. ग्रुपवर साठ श्रद्धांजल्या आल्या की खाली टाकलेली वेळ सापडत नाही आणि लांबून निघालेला माणूस उशिरा पोचतो. वेळ बदलली तर नवा संदेश टाका आणि तो ग्रुपवर पिन करा.

हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्याचा इमोजी अनेक ज्येष्ठ रडण्यासाठी वापरतात. त्यावर चारचौघांत बोलू नये. अॅडमिनने त्यांना फोन करून हळूच सांगावं, ते स्वतःच काढतात.

ऱ्हस्वदीर्घ

दर १ मे रोजी ‘महाराष्ट्र दीन’ दिसतं. दीन म्हणजे गरीब, लाचार. मग खाली दिवसभर वेलांटीचीच चर्चा चालते. पहिली दुरुस्ती सुचवणाऱ्याचे आभार मानून लगेच ओळ बदला. बदलल्याचं त्याच कमेंटखाली लिहा, नाहीतर पुढचे दहा जण तेच सांगतात.

हॅशटॅगमध्ये विसर्ग विसर्गाच्याच कळीने द्या. त्या जागी अपूर्णविरामाची दोन टिंबं पडली तर ‘दुःख’चा हॅशटॅग ‘दु’वर तुटतो. मोकळी जागा आणि संयोगचिन्हानेही तुटतो, खालची रेघ चालते.

डोळस_कान

मोबाइल मोठ्याने वाचून ऐकणाऱ्यांसाठी विनंती: मराठी देवनागरीत लिहा. रोमन लिपीतलं मराठी यंत्र इंग्रजी समजून वाचतं आणि काही कळत नाही. फोटोवर लिहिलेली तारीख-वेळ कॅप्शनमध्येही हवी, चित्रातली अक्षरं प्रत्येक यंत्राला वाचता येतात असं नाही. एकच इमोजी दहा वेळा ओळीने लावू नका, त्याचं नाव दहा वेळा ऐकावं लागतं.

परदेशी_मंडळ

महाराष्ट्र मंडळांच्या ऑनलाइन कार्यक्रमांच्या ओळीत ‘आज संध्याकाळी ७’ लिहू नये. ‘शनिवार, भारतात संध्याकाळी ७, लंडनमध्ये दुपारी अडीच’ असं लिहावं. हे उन्हाळ्यातलं. ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे गेली की दीड.

धागाकर्ती

@पंचगंगाकाठ, एक शंका आहे. फेसबुकवर रंगीत पार्श्वभूमीवर पातळीचा आकडा टाकला तर चालेल का?

पंचगंगाकाठ

मजकूर १३० अक्षरांच्या आत असेल तरच रंग राहतो, वर गेला की साधी पोस्ट होते. वरचा राजाराम बंधाऱ्याचा नमुना त्यात आरामात बसतो. पण दर दोन तासांनी नवी रंगीत पोस्ट टाकू नका, कोणती ताजी ते कळत नाही. दिवसाची एकच पोस्ट ठेवा, नवी पातळी वर लिहा, आधीची खाली राहू द्या. मजकूर १३० वर जाऊन रंग गेला तरी जाऊ द्या.